घडीच्या शिडीचा तपासनीस

अपघात झाला की कारखानेवाले तपासनिसाला बोलावत. वस्तू चुकली की माणूस चुकला, हे ठरवून देण्यावर त्याचं पोट. त्याची रीत एकच. पडलेल्या, भाजलेल्या माणसापुढं तीच वस्तू ठेवायची आणि म्हणायचं, "सांगू नका. करून दाखवा." तोंड खोटं बोलतं, हाताला ते जमत नाही. लोकांनी त्याचं नावच 'करूनदाखवा' पाडलं होतं.

यंदा घडीच्या शिडीवरून एक रंगारी पडला. कंबरेखालचं अंग गेलं. रंगारी म्हणजे तपासनिसाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा. कारखान्यानं नातं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.

"दादा, खरं काय ते लिही बाबा," बहीण म्हणाली. "सगळी गल्ली ह्यांनाच बेफिकीर म्हणते."

चढून दाखवणं तर खाटेवरच्या माणसाला जमणार नव्हतं. मग त्याच शिडीचा, उघडल्यावर तिला पक्की धरणारा खटका त्याच्या हाताशी आणला. त्यानं दाबला. टक्कन वाजलं.

"वाजलं की चढायचं. आणखी काय बघायचं, दादा?"

तपासनिसानं खटका डोळ्यांजवळ धरला. त्यावर रंगाचे थर चढले होते. त्यामुळं दात खाचेत अर्ध्यावर अडकायचा, तरी वाजायचा. आणि खटका बसल्याची खूण म्हणून तो आवाज चार वर्षांपूर्वी कारखान्याला त्यानंच सुचवला होता. पन्नास माणसं चढवून तपासलाही होता, पण कोऱ्या करकरीत शिडीवर. शिडी रंगाऱ्यांची आणि तपासताना रंगाचा थेंब नाही!

खात्री करायला त्यानं कोऱ्या खटक्याला रंग फासला, वाळवला आणि दहा जणांपुढं ठेवला. दहाच्या दहा जण आवाज होताच पायरीवर.

या चाचणीचे कागद त्यानं बारीक फाडले. अहवालात लिहिलं: शिडी निर्दोष. वापरणाऱ्यानं खटका साफ ठेवला नाही.

बहिणीच्या घरी जाऊन अहवाल त्यानंच वाचून दाखवला. रंगारी छताकडं बघत होता.

"दादा म्हणतात म्हणजे चूक माझीच असणार."

आजवर नवऱ्याला अहोजाहो करणारी बहीण एकेरीवर आली. "गल्ली खोटं बोलत नव्हती तर! खटका पुसायला हात झडले होते तुझे? आता जन्मभर तुझं हगणं-मुतणं मी काढायचं!"

"जाऊ दे गं," तपासनीस म्हणाला. "आजारी माणूस आहे."

"तू मध्ये पडू नकोस, दादा. तू घरच्याची भीड धरली नाहीस, तेच बरं केलंस."

तिनं भावाला चहा दिला. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. तपासनिसानं बशीत ओतला, फुंकर घातली आणि सगळा प्यायला.