हबक्कूक आमच्या वाट्याला आला

त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत मी सिंदी सोडली तेव्हा रडायला मला सवडच मिळाली नाही. यांची इटारसीला बदली झाली होती. दोन ट्रंका, एक वळकटी आणि पाच आठवड्यांचं पोर घेऊन आम्ही फलाटावर उभे होतो आणि मी रागानं धुमसत होते. त्या रागाची हकिकत तुम्ही अर्धीमुर्धी ऐकलेली आहे. सिंदीत राहिलेल्यांनी बाबांच्या बाजूची, माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनी माझ्या बाजूची. आता सगळी सांगते.

आमच्या घरात मुलाचं नाव कुणी निवडत नसे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जुन्या करारातल्या बारा लहान संदेष्ट्यांपैकी पहिल्याचं नाव घेतलं, होशेय, आणि नियम घालून दिला की घरात मुलगे जन्मतील तशी पुढची नावं द्यायची. एकही गाळायचं नाही, मागेपुढे करायचं नाही. त्याप्रमाणे योएल, आमोस, ओबद्या झाले. यातले आमोस म्हणजे माझे बाबा, सिंदीच्या लहानशा ख्रिस्ती देवळातले उपदेशक. पुढच्या पिढीत योना, मीखा, नहूम. मीखा हा माझा धाकटा भाऊ. मुली या रांगेत नव्हत्या, म्हणून माझं नाव साधं शालिनी आहे आणि त्याबद्दल मी देवाची आभारी आहे.

नहूमनंतर येतो हबक्कूक, आणि त्याच्यामागून सफन्या. सफन्या त्यातल्या त्यात बरा. हाक मारता येते, लाडात सफू म्हणता येतं. हबक्कूकचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नेमके त्याचीच पाळी आलेली असताना माझे आणि मीखाच्या बायकोचे, शांताचे, दिवस बरोबरच भरत आले. लेकीचा मुलगा रांगेत धरायचा का, असं मी आशेनं विचारून पाहिलं. बाबा म्हणाले, "लेकीचं पोर काई परकं नाई." आमचे हेही हसून मोकळे झाले. नाव तुमचं, आडनाव आमचं, म्हणाले. पुढं हाक मलाच मारायची होती.

जानेवारीत सिंदीला मला मुलगा झाला. आठवड्याभरात आष्टीहून मीखाचं कार्ड आलं. तो तिथं शाळामास्तर होता आणि शांताचं माहेरही तिथलंच. तिलाही मुलगा झाला होता, माझ्यानंतर चार दिवसांनी. संपलं. निघण्याच्या आदल्या रविवारी बाबांनी पाळकसाहेबांना बोलावून माझ्या मुलाचा हबक्कूक करून टाकला.

फलाटावर मीखा आणि शांता आम्हाला पोचवायला आले होते. त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी व्हायचा होता. शांतानं बाळ माझ्या हातात दिलं आणि ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखीचं हसलं. मान धरू पाहत होतं. माझं पोर अजून नुसतं उजेडाकडे बघत पडायचं. मी नर्स आहे. लग्नाआधी तीन वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली आहेत. मुलं थोडी मागंपुढं होतात हे मलाही कळतं, पण इतकी नाही.

"शांता, हा कधी झाला?"

"ताई, यायनं कार्डात लिहिलं व्हतं ना."

"कार्ड मी वाचलं. मी तुले विचारून राह्यली."

शांता पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"ताई, गाडी येऊन राह्यली. ट्रंक उचलू का?" मीखा म्हणाला.

"मीखा, तुहं पोरगं नाताळच्या आधीचं आहे."

"असन," तो म्हणाला. "पण तुह्या पोराचा बाप्तिस्मा झाला आता. पाणी काई वापस घेता येते का?"

बाबा शेजारीच उभे होते. सगळं ऐकून ते सिग्नलकडे बघत राहिले. गाडी आली. मी कुणाच्याही पाया न पडता चढले.

इटारसीत पुढची सहा वर्षं मी ते नाव वाहिलं. राशनकार्डावर ते हबीब होऊन आलं. देवी टोचायच्या रांगेत कंपाउंडर नाव वाचता वाचता थांबला, की आमचीच पाळी आली हे मला कळायचं. शेजारच्या तिवारीबाईंनी तर पहिल्याच दिवशी हात टेकले. "हमसे नहीं होगा, हम तो बब्बू कहेंगे," म्हणाल्या. मी बाबांना दर पत्रात चार ओळी सुनवायची. उत्तरात बाबा कपाशीची पऱ्हाटी कशी आहे ते लिहायचे.

शाळेत घालायची वेळ आली तसं मी ठरवलं, प्रकाश लिहायचं. बाप्तिस्म्याचं नाव देवाघरी राहू दे. पण बाबांच्या पाठीमागं करायचं नव्हतं, म्हणून अठ्ठावन्नच्या नाताळात सिंदीला गेले आणि ते देवळात सतरंज्या झाडत होते तिथंच त्यांना सांगितलं. मीखानं फसवलं, हेही पुन्हा ऐकवलं.

"मले मालूम व्हतं," बाबा म्हणाले. "आष्टीचा एक जण कापूस घेऊन आलता. मीखाच्या घरचे पेढे खाल्ले म्हणे. तुह्या बाळंतपणाच्या आधीच."

मी हातातली सतरंजी खाली टाकली. "अन् तरीबी माह्याच पोराले?"

"मीखाचं पोरगं इकडंच वाढन. त्याले कोणतंबी नाव चालते, सारे वळखतेत. तू दूर चालली व्हती. तुह्या पोराले असं नाव पाह्यजे, का कोणीबी थांबून इचारन, कुठचा रे तू."

"तुम्हाले काय जाते बाबा? सांगावं मले लागते."

"हो ना," ते म्हणाले, आणि सतरंजीचं दुसरं टोक धरायला मला खुणावलं.

मी धरलं, पण विचार बदलला नाही. इटारसीच्या शाळेत मी अर्जावर घरूनच 'प्रकाश' लिहून नेलं होतं. हेडमास्तरांनी कागद न बघताच विचारलं, "लड़के का नाम?"

"हबक्कूक," मी म्हणाले. माझा मलाच राग आला.

त्यांनी टाक खाली ठेवला. "यह कहाँ का नाम है?"

बायबलमधलं आहे, एवढं सांगून सुटता आलं असतं. मी म्हणाले, "सिंदी का."

सिंदी कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग वर्धा सांगावं लागलं, सेलू सांगावं लागलं, बैलगाड्यांनी भरलेला कापसाचा बाजार सांगावा लागला, आजोबा आणि त्यांचा नियम सांगावा लागला. मागं रांगेतल्या आया चुळबुळत होत्या. अर्जावरचं नाव मी तिथंच खोडलं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. सिंदीला मी आता पाहुणी असते. बाजारात कुणी ओळखत नाही, आणि आष्टीहून घरी परतलेल्या मीखाकडे मला चहा कपबशीत मिळतो. माझा मुलगा भोपाळला नोकरीत आहे. त्यानं सगळी मिळून चार वेळा सिंदी पाहिली असेल, पण ती कुठं आहे हे त्याला आठवड्यातून दोनदा कुणाला तरी सांगावं लागतं. माझं घर आता तेवढंच आहे, त्या सांगण्यात. त्याचं नाव ऐकून मलाही विचारतात. वैताग येतो, पण पहिल्यापासून सांगते.