वेवजीच्या घराण्याची वही

सरांवर सूड घ्यायचा हे मी त्यांचा शोधनिबंध वाचता वाचताच ठरवलं. वर एकट्याचं नाव त्यांचं. शेवटी आभारात ‘एका स्थानिक दुभाषी बाईंचे’ असं एक वाक्य. ती बाई म्हणजे मी.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. मी डहाणूकडच्या सरावली गावची. एम.एस्सी. होऊन मुंबईत सरांच्या प्रयोगशाळेत लागले होते. पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे मेंदूचे आजार हा त्यांचा विषय. तलासरीकडच्या वेवजी गावात एक घराणं आहे, त्यातली माणसं तिशी-पस्तिशीत अडखळत चालू लागतात, जीभ जड होते, आणि गाव म्हणतं ताडी चढली, हे मीच त्यांना सांगितलं. पुढची दोन वर्षं डहाणू रोडहून एस.टी.नं तलासरी आणि तिथून पुढे पायी, अशा खेपा घातल्या. मराठी, गुजराती आणि तिथली बोली, तिन्ही मला येत होत्या. सर एकदाच आले, जीपनं. पाऊण तास उभ्या उभ्या पाहिलं आणि गेले.

वंशावळ मी वहीत काढत होते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत शाई भरायची. चार पिढ्या मांडून झाल्या. प्रत्येक आजारी माणसाची आई नाहीतर बाप आजारी होताच. एका घरात तेवढं जुळेना. म्हातारी ठणठणीत, तिचा नवरा म्हातारपणी गेला तोही ठणठणीत, आणि मुलगा मात्र पाय फाकवून, भिंत धरून चालणारा.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मुलगा बाहेर होता. म्हातारी नाचणी पाखडत होती. आपणहून म्हणाली, “बाय, तो माझ्या पोटचा नाय. नणंदेचा. ती याच दुखण्यानं गेली, तेव्हा हा रांगत होता. त्याला ठाऊक नाय. लिहू नको.”

“नाही लिहिणार, मावशी.”

नाहीच लिहिलं. सरांना तोंडी सांगणार होते. त्याआधीच त्यांनी “बघून देतो” म्हणत वही मागून घेतली. ती परत आलीच नाही, निबंध छापून आला. आणि त्यातला सगळा शोध त्याच घरावर उभा: आजार बापात लपून राहतो आणि मुलात उगवतो.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन चूक सांगू शकले असते. नाही सांगितली. म्हटलं, चढू दे अजून वर. वर्षभर त्यांची व्याख्यानं झाली, सत्कार झाले. मी रोज हसून नमस्कार करायची आणि त्यांच्या काचेच्या स्लाइड पुसून ठेवायची. त्या वर्षी मला जेवण इतकं गोड लागायचं!

मग मुंबईत मोठी परिषद भरली. पहिल्या रांगेत परदेशी पाहुणे. भाषण संपल्यावर मी उभी राहिले.

“सर, ही बाई या मुलाची आई नाही. आई तिची नणंद. तिला हा आजार होता.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तिनंच. मी तिच्या ओट्यावर बसले होते.”

“मग वहीत का नाही?”

“वही तुमची आहे ना, सर?”

मागून कोणीतरी हसलं. सर हातातली काठी पडद्यावर त्या चौकोनाशी धरून तसेच उभे राहिले. मी डोळे भरून पाहून घेतलं.

त्यांना निबंध मागे घ्यावा लागला. माझी नोकरी गेली, दुसरीकडे लागली. त्यांचं मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही. पण खातरजमा करायला ते आठवड्याभरात वेवजीला गेले होते, ड्रायव्हरला दुभाषी करून. प्रश्न सरळ मुलासमोरच विचारला.

हे कळल्यावर मी गेले. म्हातारी दारात आली.

“लिहू नको म्हटलं होतं तुला.”

“लिहिलं नाही, मावशी.”

“बोललीस.”

ती आत गेली. मुलगा ओट्यावर बसला होता. एकेक शब्द ओढत त्यानं विचारलं, “माझी आय दिसायला कशी होती?”

मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे तिचं एक काळं वर्तुळसुद्धा नव्हतं. आत जाऊन आईलाच विचार, एवढं म्हणाले आणि तलासरीची वाट धरली.