चामोर्शीच्या बाजारातला निरोप

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "चाचा, अब्बा गेले," एवढंच त्याचा मुलगा म्हणाला. ताट तसंच राहिलं. त्याला आता महिना होऊन गेला. घुग्घुसला जाऊन माती दिली, त्याच्या घरच्यांजवळ बसून आलो, तरी सकाळी चहा ठेवला की वाटतं, हा माणूस येईल आणि माझ्या चहाला नावं ठेवील...

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं चंद्रपूरच्या एका ठेकेदाराकडे कामाला होतो. गडचिरोलीच्या जंगलातल्या निमलष्करी तळांना धान्य, रॉकेल, तंबूचं सामान पोचवायचा ठेका त्याच्याकडे होता. मी गोदामावर माल भरून द्यायचो आणि रशीदभाई ट्रक न्यायचा. जीभ फटकळ. तेलाचे डबे चुकून तांदळाच्या पोत्यांखाली गेले, की म्हणायचा, "विनायकभाऊ, मले खिचडी शिजवूनच न्या लागते का?" त्याचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. गाडीत वर्दी बसणार नाही. जवान विनवायचे, अधिकारी डोळे वटारायचे, ठेकेदार हात जोडायचा. हा ऐकत नसे. "आपण धान्यवाले. एक वर्दी बसली का आपणबी फौजच झालो. मंग सुक्यासंगं ओलंबी जयते." जंगलातले बंदूकवाले, ज्यांना तिकडे दादालोक म्हणत, त्याची गाडी सोडत ते याच भरवशावर. वाटेत नाल्याकाठी माडिया आदिवासींचं एक गाव होतं. तिथं रस्त्यावर आडवं लाकूड टाकलेलं असे आणि ते बाजूला करायला पुसूभाऊ नावाचा म्हातारा बसे. गाडीत कोण होतं, याचा जाब दादालोक त्यालाच विचारत. रशीदभाई त्याच्यासाठी मीठ न्यायचा, तो याला द्रोणभर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, द्यायचा. दोघांचं चांगलं जमलं होतं.

एका पावसाळ्यात तळावरच्या एका जवानाचा मलेरिया मेंदूत चढला. सुरुंगाच्या भीतीनं सरकारी गाडी निघेना, ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरेना. रशीदभाई माल उतरवून परत निघाला होता. अधिकाऱ्यानं आधी हुकूम केला, मग विनवलं, मग नुसताच गाडीजवळ उभा राहिला. रशीदभाई स्टिअरिंग धरून बसून राहिला... शेवटी खाली उतरला. जवानाची वर्दी काढायला लावली, आपली लुंगी आणि सदरा त्याला घातला आणि घोंगडी पांघरवून त्याला केबिनमध्ये निजवलं.

पुढचं मला त्यानंच सांगितलं. लाकडापाशी पुसूभाऊनं विचारलं, "कोन हाये?"

"भाऊ हाये माझा. ताप हाये."

म्हाताऱ्यानं केबिनचं दार उघडलं. जवानाचे पाय घोंगडीबाहेर आले होते. बुटात भिजून भिजून पांढरेफटक पडलेले, सुरकुतलेले. त्या मुलखात, पावसाळ्यात, असे पाय फक्त वर्दीवाल्याचे. म्हातारा पायांकडे पाहत राहिला, मग घोंगडी ओढून त्यानं ते झाकले. "बरा झाला का मले सांगजो," म्हणाला. लाकूड बाजूला केलं आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "पन तू आता इकडं येऊ नोको."

जवान वाचला. शुद्धीवर आला, हिंडूफिरू लागल्यावर आपल्या गावी गेला. ठेकेदार खूश होता, आणि रशीदभाईनं गाडीची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. मी चिडलो. "कोनाले काही कयलं नाई. भेले काय तुम्ही?"

"पुसूभाऊले कयलं ना," रशीदभाई म्हणाला. "उद्या मी पुन्हा गेलो अन् कोनी त्याले इचारलं, तर त्यानं माझ्यापायी किती डाव खोटं बोलाव? माझी तर गाडीच जाते, भाऊ. त्याची मान जाईन."

त्या वाटेला दुसरा कोणी जायला तयार झाला नाही. ठेकेदारानं माल लांबच्या रस्त्यानं फिरवला. रशीदभाई घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर लागला आणि त्या धुळीनं त्याची छाती खाल्ली. मला याचा राग यायचा. अजून येतो.

पण निरोप राहिला होता. जायचं नाही आणि सांगायचं तर आहे. म्हणून सुटी मिळाली की तो चामोर्शीच्या बाजाराला जायचा. जंगलाकडून चिंच, मोह विकायला आलेल्या बायांपुढे उकिडवा बसायचा, गरज नसताना काहीतरी घ्यायचा आणि म्हणायचा, "पुसूभाऊले सांगजा, भाऊ बरा झाला." एकदा मी सोबत होतो. म्हटलं, "पोचला असन आता निरोप." "असन," तो म्हणाला आणि पुढच्या बाईसमोर जाऊन बसला. वर्षानुवर्षं हे चाललं.

गेल्या आठवड्यात मी एकटाच त्या बाजाराला गेलो. चिंचेच्या ढिगामागून एका वयस्क बाईनं मला ओळखलं. "तो डायवर नाई आला?"

वारला म्हणून सांगितलं. तिनं हातातलं माप खाली ठेवलं. मी विचारलं, "पुसूभाऊ हाये का?"

"तो कवाचाच मेला, बाबू. त्याच पावसात. तापानं." तिनं चिंच उगाच सारखी केली. "गाडी बंद झाली होती ना तवा, दवाखान्यात न्याले दुसरं काही नव्हतं. खाटेवर उचलून नेला, पन नाल्याले पूर होता."

"मंग डायवरले सांगितलं काऊन नाई?"

"कसं सांगाव?" ती म्हणाली. "तो एवढ्या दुरून भाऊ बरा झाला म्हणून सांगाले येत होता."

मी तिच्याकडून पायलीभर चिंच घेतली आणि बसस्टँडवर येऊन रडलो.