अक्कांचे धुतलेले हात

शेवटची भेट इस्पितळात झाली, त्या जाण्याच्या दोन दिवस आधी. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो, तर इंदूअक्कांनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे उताणे करून माझ्यापुढे धरले. ‘‘बघा हो दत्तूअण्णा, स्वच्छ आहेत ना?’’ आणि हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांना जाऊन आज सहा आठवडे झाले, पण ते तळवे डोळ्यांपुढून हलत नाहीत. ज्या माणसामुळे हा प्रश्न त्यांच्या तोंडी कायमचा बसला, त्याच्यावरचा माझा रागही तसूभर कमी झालेला नाही. अशा आठवणीच्या लेखात जिवंत माणसांविषयी वाईट लिहू नये म्हणतात. मी लिहिणार आहे. नाव तेवढं देत नाही, साहेब म्हणतो. बंगळुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अक्का आणि मी एकाच प्रयोगशाळेत, साहेबांच्या हाताखाली होतो. अक्कांचं घराणं तीन पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कानडी, मी बेळगावकडचा. त्या प्राणिशास्त्र शिकलेल्या, आणि मी काप्या... म्हणजे आतडी, यकृत जे येईल त्याचे पातळ काप काढून, रंगवून काचपट्टीवर चढवणारा. काम असं होतं: पांढऱ्या उंदरांच्या हाडांतली मज्जा क्ष-किरणांनी मारायची आणि दुसऱ्या उंदराची मज्जा टोचून त्यांना जगवायचं. अक्का निम्म्यांना त्यांच्याच गोतातल्या पांढऱ्यांची मज्जा देत, निम्म्यांना काळ्या उंदरांची. अशक्त झालेल्या सगळ्यांना घरून आणलेली रागीची, म्हणजे नाचणीची, आंबिल थेंबथेंब भरवत. काही आठवडे बरे जात. मग काळ्यांची मज्जा घेतलेले उंदीर पाठीला कुबड काढून बसत, वाळत जात, आणि त्यांना हगवण लागे.

हगवण लागलेला पिंजरा त्याच दिवशी भट्टीत, हा साहेबांचा नियम. स्वच्छतेचं त्यांना वेडच होतं. ‘‘स्वल्प थांबा अण्णा, भट्टीआधी एवढं आतडं काढून घेऊ,’’ म्हणत अक्का माझ्याकडे धावत यायच्या. निरोगी आतडं आतून टर्किश टॉवेलासारखं लवदार असतं; या उंदरांचं जुन्या पंच्यासारखं विरलेलं होतं. तीन उंदीर मात्र अक्कांनी नियम मोडून मागच्या खोलीत ठेवले. त्यांची हगवण हळूहळू थांबली. त्यांतल्या एकाच्या आतड्याचे काप काढून पाहिले तेव्हा लवेच्या तळाशी जे बारीक खड्डे असतात, तिथे नव्या पेशी फुटत होत्या, वर चढत होत्या. ‘‘भरून येतंय हो!’’ अक्का ओरडल्या. एवढ्या आनंदात मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या सगळं मांडून साहेबांकडे गेल्या. मी काचांची पेटी धरून मागे उभा होतो. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळादेखील लावला नाही. ‘‘हात न धुता आंबिल भरवता तुम्ही. घाण पोटात गेली, उंदीर मेले. मज्जेचा काय संबंध?’’

‘‘साहेब, दोन्ही पिंजऱ्यांना आंबिल एकच, हात एकच,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘मग एकच पिंजरा का मेला?’’

साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी उंदरांच्या खोलीच्या दाराशी लाल साबणाची वडी आली. रोज सकाळी अक्कांनी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि सगळ्यांदेखत साहेबांना तळवे दाखवायचे. चाळिशीची, शिकलेली बाई... दीड वर्ष तिनं हे सोसलं, मग नोकरी सोडली. पुढेही कुणाच्या घरी पाण्याचा पेला घेण्याआधी त्या मोरीकडे जायच्या. कातडी फाटली होती हातांची. आणि मी त्या दीड वर्षात एकदाही तोंड उघडलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. साहेबांवर आहे तितकाच मी माझ्यावरही दात धरून आहे.

दोन वर्षांपूर्वी साहेबांचं जाहीर व्याख्यान झालं. परकी मज्जा यजमानाच्या देहालाच वैरी समजते आणि आतड्याची चाळण करते, असं ते म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. अक्कांचं नाव नाही. शेवटच्या रांगेत त्या माझ्या शेजारी होत्या. ‘‘सरी, ठीक... सांगितलं ना शेवटी बरोबर,’’ एवढंच म्हणाल्या. मी दिलेली शिवी छापण्यासारखी नाही.

आता गेल्या सोमवारी साहेबांचा शिपाई चिठ्ठी घेऊन माझ्या दारात आला. ग्रंथ लिहिताहेत, भरून येणाऱ्या आतड्याच्या काचा हव्यात. तशा काचा साऱ्या गावात फक्त माझ्याकडे आहेत, कारण त्या तिघांतले उरलेले दोन उंदीरही साहेबांनी नंतर भट्टीत घातले होते. पहिल्यांदा वाटलं, फरशीवर एकेक आपटून फोडावी आणि चुरा पाठवावा. पण इस्पितळात हात दाखवून झाल्यावर अक्का आणखी एक बोलल्या होत्या. ‘‘काचा कुणी मागितल्या तर द्या हं अण्णा. झाकून ठेवून कुणाचं आतडं बरं होणार?’’

देईन. त्यांचा शब्द मोडणार नाही. पण शिपायाच्या हाती नाही. साहेबांनी स्वतः यावं, माझे चार शेजारी बसलेले असतील, त्यांच्यासमोर प्रत्येक काचेवर अक्कांनी तिरप्या अक्षरात घातलेलं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचावं आणि मगच ती काच न्यावी. पेटी पुढच्या खोलीत टेबलावर काढून ठेवली आहे. दाराबाहेर पाण्याची बादली भरलेली आहे, शेजारी लाल साबणाची नवी वडी आहे. साहेब, आत येण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मला दाखवायचे.