न टाकलेलं मीठ

परवा गोठा आवरताना बीएचसी या कीटकनाशक पावडरचा जुना डबा सापडला आणि झाकण काढताच तो कुबट, घशात बसणारा वास आला. ऐंशीच्या आसपास मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो. सुट्टीत देवळीजवळच्या आमच्या गावी आलो की बाबांना ऐटीत सांगायचो, कपाशीवर मारतो ती ही पावडर मातीतले जंतू खाऊन पचवतात. बाबांनी त्यातलं 'पचवतात' तेवढं धरलं. वासराला गोचिडं झाली, तेव्हा त्यांनी तीच पावडर त्याच्या अंगाला बिनधास्त चोळली. गायीनं रोजच्यासारखं वासराला चाटून लख्ख केलं आणि दिवस मावळायच्या आत ती थरथरत, तोंडातून फेस गाळत मेली. शेताच्या धुऱ्याजवळ, बांधाला लागून खड्डा खणला. गायीवर रिवाजाचं खडेमीठ टाकताना बाबांचा हात थांबला. "मिठानं तुह्ये जंतू मरतीन काय रे?" "मरतीन, बाबा." "मंग नाई टाकत. इच्या अंगातलं जहर खाऊ दे त्याइले." मिठाची पिशवी तशीच घेऊन ते घरी आले. गोठ्यात वासरू हंबरत होतं. आज डबा हातात धरून वाटतं, ही पावडर पचवायला मातीलाही वर्षं लागतात, एवढं एकच वाक्य त्या ऐटीत माझं सांगायचं राहून गेलं.