सातव्या चौकोनातलं पाचवं पाऊल

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा हलत असायचा. शिंप्याच्या दुकानात तो तीन महिने टिकला, तिकिटाच्या खिडकीमागे पाच आठवडे. दोन्हीकडून तक्रार एकच : माणूस चांगला, पण बूड टेकत नाही. माळावरच्या अभ्यास केंद्राला राखणदार हवा होता, तेव्हा थोरल्या साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बसणारे खूप येऊन गेले. मला फिरणाराच पाहिजे."

केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि तारेचं कुंपण घातलेले बारा चौकोन. प्रत्येक दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. आत बघणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. काळपट, खरबरीत, खपली धरल्यासारखी जमीन. जनावरं राखणारे जाता येता टोमणा मारायचे, "काय रे, आज किती माती चोरीला गेली?"

भिंगरीही आधी हसलाच होता. मग साहेबांनी सुईच्या टोकाने त्या खपलीचा नखाएवढा तुकडा उचलून दाखवला. खाली वाळूचे कण लोंबत होते, केसाहून बारीक धाग्यांत ओवलेले. साहेबांनी वर पाण्याचे चार थेंब सोडले. विडी ओढून संपायच्या आत काळं होतं ते हिरवं झालं.

"जिवंत आहे ही," साहेब म्हणाले. "जमिनीची कातडी. वाऱ्यात माती धरून ठेवते, हवेतलं खत खाली उतरवते. आणि एका पावलात भुगा होते. म्हणून आत पाय टाकायचा नाही. तुझाही नाही, माझाही नाही. काही उडून आत पडलं तर आकड्याच्या काठीने ओढून घ्यायचं."

अकरा चौकोनांत काही ना काही केलेलं होतं. कुठे जनावरं फिरवलेली, कुठे खरवडलेलं, कुठे जाळलेलं. सातवा तेवढा कोरा. बाकीच्यांचं बरं वाईट त्याच्याशी ताडून बघायचं. मोजणीसुद्धा कुंपणावरून आडवी फळी टाकून, तिच्यावर पालथं पडून करायची.

आणि त्याच सातव्यात अकरा वर्षांपूर्वी भिंगरीची टोपी उडून पडली. बायकोने आदल्या रात्री शिवलेली, नवी कोरी. आकड्याची काठी खोलीत होती, दोनशे पावलांवर. टोपी उलथीपालथी होत पलीकडच्या तारेकडे निघालेली. भिंगरीला दोनशे पावलं धीर निघाला असता तर तो भिंगरी कसला? तार ओलांडली, चार ढांगा टाकल्या, टोपी उचलली आणि आपल्याच पावलांत पाय ठेवत बाहेर आला. मागे वळून बघितलं. पायाखाली पापड मोडावा तशी ती कातडी चार ठिकाणी मोडली होती.

पुढच्या आठवड्यात साहेब मोजणीला येणार होते. भिंगरीने थापी घेतली, मागच्या उतारावरून कातडीचे तुकडे अलगद सोडवून आणले, फळीवर पालथं पडून चारही पावलांत फरशीसारखे बसवले आणि चार दिवस बाटलीने शिंपडून शिंपडून जगवले. साहेबांची नजर तोवर अधू झाली होती, फोटो काढणंही त्यांनी सोडलं होतं. त्यांना कळलं नाही. ते निवृत्त झाले. पुढे दहा वर्षं मोजायला कुणी फिरकलंच नाही. पगार येत राहिला, भिंगरी फिरत राहिला. फक्त सातव्याजवळ आला की त्याची चाल वाढायची.

यंदा नव्या मॅडम आल्या. तरुण, उन्हाने नाक सोललेल्या, बोलायला फटकळ. चौकोन चौकोन करत त्या सातव्यावर पोचल्या आणि फळीवरूनच ओरडल्या, "काका, इकडे या! पिवळं बघा, पिवळं!"

काळ्या कातडीत मोहरीएवढ्या पिवळ्या ठिपक्यांचे डाग होते.

"हे दगडफूल आहे. साहेबांच्या जुन्या फोटोंत नाही. म्हणजे दहा वर्षं पाय पडला नाही, तर हे आपोआप येतं. कळतंय का?"

"हो, म्हणजे..." भिंगरीचा पाय हलायला लागला.

"या आकड्यावर ठरणार आहे, तुडवलेले माळ किती वर्षं बंद ठेवायचे ते. मी दहा लिहिणार. शनिवारी अहवाल जाणार."

ते पिवळं उतारावरचं होतं. तिथे ते बोट ठेवू तिथे सापडायचं. त्याने स्वतःच्या हाताने आणून लावलेलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. भिंगरीने कुंपणाच्या तारा ताणल्या, ताणलेल्या सैल केल्या, टाकी दोनदा धुतली. घरी आला की दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत. बायको मशीनवर बसली होती. तिने सुई थांबवली.

"अहो, पायाला मुंग्या डसल्यात का? बसा एका जागी."

तो बसला नाही, पण बोलला. सगळं. टोपीपासून.

"माझ्या टोपीपायी?" ती म्हणाली. "अन् ती तर तुम्ही महिन्याभरात हरवलीत."

"नोकरी जाईल गं."

"जाईल." तिने दोरा तोंडाने ओला करून सुईत ओवला. "पण त्या पोरीचं लिखाण खोटं जाईल ते? उद्या कुणी दहा वर्षांनी माळ मोकळा करेल, सगळा धुरळा होऊन आपल्याच घरात येईल. सांगा जाऊन. नाहीतर माझी फरशी तरी झिजवू नका."

शुक्रवारी सकाळी मॅडम खोलीत आकडे उतरवत होत्या. भिंगरी दारात उभा राहिला, आत आला, परत दारात गेला.

"काका, काय ते एकदाचं बोला. मला चक्कर येतेय."

"सातव्यात मी गेलो होतो. अकरा वर्षं झाली. चार पावलं. ते पिवळं मी लावलंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कळतंय का तुम्ही काय केलंत? अख्ख्या केंद्रात एकच कोरा चौकोन होता. एकच!"

"कळतं. म्हणूनच तिथून पळत जायचो."

"मी वर कळवणार हे."

"कळवा."

"चला. दाखवा कुठली चार."

दोघं फळीवर पालथे पडले, त्या पुढे, तो मागे. त्याने बोटाने दाखवलं : हे पहिलं, हे दुसरं. पिवळे डाग बरोबर ढांगेच्या अंतरावर होते. एकदा कळल्यावर आंधळ्यालाही दिसावेत. चौथ्याशी मॅडम थांबल्या. फळीवरूनच आणखी हातभर पुढे सरकल्या.

"आणि हे?"

चौथ्याच्या पलीकडे एक फिकट जागा होती. अर्धवर्तुळ, मुठीएवढं. कडेने काळपट साय नुकती धरल्यासारखी, मध्ये नुसती उघडी माती.

भिंगरीने मान लांब केली. टोपी उचलताना तो वळला असणार. वळताना टाच टेकली असणार. अकरा वर्षं त्याच्या हिशेबात चारच पावलं होती.

"माझंच," तो म्हणाला. "हे मला ठाऊकच नव्हतं."

"म्हणजे याला तुम्ही हात लावला नाही?"

"ठाऊक असतं तर लावला असता."

मॅडमनी वहीतलं 'दहा' खोडलं. त्या जागी काहीच लिहिलं नाही. "अकरा वर्षांत एक टाच भरली नाही," त्या स्वतःशीच बोलल्या. मग आवाज चढवून, "तारीख सांगा."

त्याने सांगितली. टोपी ज्या दिवशी पहिल्यांदा घातली तो दिवस त्याच्या लक्षात होता.

अहवाल शनिवारी गेला नाही. पुढे भिंगरीला वरून ताकिदीचं पत्र आलं. काढलं नाही, कारण त्या उन्हात फिरायला दुसरं कोण मिळणार होतं? सातव्या चौकोनाची पाटीही त्यालाच रंगवायला लावली. 'कोरा' पुसून 'तुडवलेला, पाच पावलं, अकरा वर्षं'.

पण ते नंतर. त्या सकाळी टाचेचे फोटो घ्यायचे होते, अगदी जवळून, आणि मोजपट्टी धरायला भिंगरीशिवाय कुणी नव्हतं. फळीवर पालथा पडून तो पट्टी धरून राहिला. दोन फोटो निघाले. तिसऱ्याला फळी थरथरायला लागली.

"काका," कॅमेऱ्यातून डोळा न काढता मॅडम ओरडल्या, "पाय!"