बेकारीचा पुरावा

नोकरीसाठी अनुभवाचा पुरावा द्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मला बेकारीचा द्यावा लागला.

पुण्याच्या एका कंपनीत माझी निवड झाली होती. जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन मी मोकळा झालो होतो आणि आता फक्त बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन तेवढं उरलं होतं. मी निर्धास्त होतो. अर्जात सगळं खरं लिहिलं होतं. अगदी कॉलेजनंतर दोन वर्षं सांगलीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षा दिल्या आणि दोन्ही वेळा नापास झालो, हेसुद्धा. इतका प्रामाणिक माणूस अडकणारच, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मग कंपनीचा मेल आला. त्या दोन वर्षांतली नोकरी तुम्ही लपवली आहे, तिथलं रिलीव्हिंग लेटर पाठवा, नाहीतर निवड रद्द होईल.

नसलेल्या कंपनीचं लेटर आणू कुठून? घरी फोन केला तेव्हा उलगडा झाला. कराडजवळच्या आमच्या गावी कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा माणूस मोटारसायकलवरून चौकशीला येऊन गेला होता. बिचाऱ्याने ओळखपत्र दाखवलं, कंपनीचं नाव सांगितलं. पण आमच्या वडिलांना फसवणं सोपं नाही. आमच्याकडे मुलीकडची माणसं कधी खरं सांगून येतात का? कुणी म्हैस बघायला आलेलं असतं, कुणी उसाचं बेणं विचारायला, आणि जाता जाता मुलगा पितो का एवढं काढून घेतात. त्यात मी तिशीला टेकलेलो, बिनलग्नाचा. वडील ओळखपत्राकडे बघून गालातल्या गालात हसले आणि त्यांनी आईला पोहे टाकायला सांगितलं.

पोहे संपेपर्यंत माझी कीर्ती बरीच वाढली. "सांगलीला बड्या कंपनीत हुता दोन वर्सं. सायबात ऊठबस हुती त्याची." वडिलांच्या दृष्टीने हे खोटं नव्हतंच. मी सांगलीत पुस्तकं घेऊन बसलो होतो तेव्हापासून ते गावाला हेच सांगत आले होते. पोरगं रिकामं बसलंय, हे फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदाराच्या तोंडून निघत नसे. घरातही परीक्षेचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

मी अभ्यासिकेचं ओळखपत्र पाठवलं, पीएफची कोरी नोंद पाठवली, दोन्ही निकाल पाठवले. नापास झाल्याचे निकाल इतक्या उत्साहाने मी कुणालाच दाखवले नव्हते. उत्तर आलं, माहिती वडिलांनी दिली आहे, ती चुकीची असेल तर त्यांनीच फोनवर तसं सांगावं.

मी गावी गेलो. वडिलांची सगळी नोकरी तोफखान्यात झाली, त्यामुळे कान अधू. फोन स्पीकरवर लावावा लागतो आणि त्यांचं बोलणं आख्ख्या आळीला ऐकू जातं. अंगणात शेजारचे दोघे तंबाखू मळत बसले होते. मी म्हटलं, "आत जाऊन बोलूया."

"न्हाई. हितंच रेंज येती," वडील म्हणाले. रेंज आतही येते.

"ही माहिती पूर्ण गोपनीय राहील, सर," फोनमधून कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. शेजाऱ्यांचे अंगठे तळहातावर थांबले.

वडील खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "माजा मुलगा दोन वर्सं कुटंच कामाला नव्हता. परीक्षा देत हुता. दोनदा नापास झाला. बेकार हुता."

"मग आधी नोकरी होती असं का सांगितलंत?"

"आवं मॅडम, त्यो मानूस मुलीकडचा वाटला. खरंच नोकरीचं इचारतोय म्हाईत असतं, तर खरं सांगितलं असतं की!"

मॅडम हसू दाबत असाव्यात. मग दुरुस्ती करून घेते म्हणाल्या. माझी नोकरी वाचली.

शेजारी तंबाखू तोंडात टाकून लगबगीने उठले. कुठे निघाले ते उघड होतं. मला वाटलं होतं लाज वाटेल, पण फार हलकं वाटलं. वडिलांचं वाईटही वाटलं. इतकी वर्षं जपलेलं त्यांनी माझ्यासाठी एका फोनवर सोडून दिलं होतं. ते खुर्चीत बसून राहिले, बंद झालेला फोन हातातच होता. मग नेहमीच्या मानाने अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "लय अवघड हुती का रं परीक्षा?"

मी दुसरी खुर्ची त्यांच्या कानाशी ओढली आणि सांगायला बसलो.